मशीनला माझे पाय कळेनात

२ मार्च, सकाळ

आजपासून लिहायचं. चौथीपर्यंत शिकलेय, अक्षर जरा मोठं येतं. येऊ दे, कोणाला दाखवायचंय? घरात काही बोललं की समोरून चार शब्द जास्तीचे परत येतात. कागद उलट बोलत नाही.

आज नव्या गेस्टहाऊसची मॅनेजरीण दारावरचा बोर्ड वाचून आत आली. सगळ्या खोल्यांचे पडदे शिवायचेत म्हणाली. कापड जाड, आतून रबरासारखं, दिवसाही खोलीत काळोख करणारं. मी विचारलं, तुमच्याकडे लोक दिवसा झोपायला येतात का? म्हणाली, काकू, गेस्ट कधीही झोपतात. म्हटलं, मग आमच्या चिरंजीवांना पाठवते, त्यांना सराव आहे. हसली नाही. जास्त शिकलेल्या बायका कमी हसतात.

महिनाअखेर सगळे द्यायचे. हो म्हणून टाकलं. पडदा म्हणजे काय, चारी कडा मुडपायच्या. झोपेत शिवीन.

२ मार्च, संध्याकाळ

चिरंजीवांना सांगितलं. ते लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे बटण दाबलं की वर गेलं पाहिजे एवढंच त्यांना कळतं. म्हणाला, आई, पुरे आता. डोळे बघ, गुडघे बघ. आराम कर. म्हटलं, आरामाला मेल्यावर भरपूर वेळ आहे. मग त्याने अट घातली. पडदे वेळेत झाले तर पुन्हा कधी आराम हा शब्द काढणार नाही. नाही झाले तर दारावरचा बोर्ड उतरवायचा आणि शिवण कायमची बंद.

मी म्हटलं, कबूल. सूनबाई भांडी पुसत होती, ती म्हणाली, आई, विचार करा. मी म्हटलं, विचार करायला तुम्ही दोघं आहात, मी काम करते.

४ मार्च

सुई मोडली.

४ मार्च, दुपार

दुसरी मोडली. तिसरी मोडली नाही, वाकली. त्या रबरात शिरतच नाही मेली.

मेकॅनिकला बोलावलं. माझ्या मशीनला इतकी वर्षं तोच तेल घालतो. हे मशीन माझ्याबरोबर सासरी आलं. नवरा गेला, मशीन राहिलं. दोघांत कटकट मशीनची कमी होती. मेकॅनिकने पट्टा बघितला, शटल बघितलं, चाक फिरवून कानाला लावल्यासारखं ऐकलं, आणि डॉक्टर तोंड करतात तसं केलं. मावशी, हिचं वय झालं. साधं कापड शिवेल अजून, पण हे जाड कापड तिला झेपायचं नाही. नवीन घ्या, विजेचं.

वय झालं म्हणताना तो माझ्याकडे का बघत होता ते मला कळलं. चहा दिला नाही.

५ मार्च

नवीन घ्यायचं ठरलं. मला यंत्रांची पारख उपजत आहे. मी एकच बघते, वस्तू ओळखीची दिसते का. ओळखीची असली की हात आपोआप बसतो. मिक्सर मी तीनदा तोच घेतला. दोनदा जळला, पण ओळखीचा होता. फोन घेतानाही बटणांचाच घेतला. सूनबाई काचेचा फोन घ्या म्हणत होती. काचेवर बोट फिरवून माणूस लागतो म्हणे. उद्या भिंतीवर बोट फिरवाल.

सूनबाई म्हणाली, आई, आपल्याला सवय कशाची आहे ते न बघता आपल्याला काम काय आहे ते बघून घ्यावं. ही शाळेची व्हॅन चालवते. सुईत दोरा ओवायचा तर हिला चष्मा, बल्ब आणि नवरा तिन्ही लागतात. ही मला मशीन शिकवणार.

६ मार्च

मशीन आणलं!

दुकानात पोचताच दुकानदाराने मला आजी म्हटलं. म्हटलं, तुझी आजी घरी असेल, मला गिऱ्हाईक म्हण. त्याने आधी एक पांढरं दाखवलं. टीव्हीसारखी पट्टी, बटणं. म्हणाला, यात वेग ठरवून ठेवायचा, बटण दाबायचं, पायाचं कामच नाही. म्हटलं, माझे पाय काही रिटायर झालेले नाहीत. ज्या मशीनला पाय नको त्याला बाई तरी कशाला हवी? मशीन आणि कापड दोघंच बसतील शिवत.

मग कोपऱ्यात मला ते दिसलं. काळंभोर. अंगावर सोनेरी वेलबुट्टी. उजवीकडे गोल चाक. खाली पेडल. अगदी माझंच, फक्त तरुण. मी लांबूनच म्हटलं, हे. दुकानदार म्हणाला, हे चांगलं आहे, जाड कापडही शिवतं, पण आज्... पण बाई, याचं पेडल जरा हलकं आहे, आधी चालवून बघा. म्हटलं, पोहणाऱ्या माणसाला तू पाणी दाखवतोस? पॅक कर.

चालवून बघितलं नाही. गरज काय? तोंड बघून कळतं.

७ मार्च

खिडकीखाली नवीन मांडलं. जुनं भिंतीकडे सरकवून वर चादर टाकली. सवतीकडे बघवणार नाही तिला.

बसले. दोन्ही पाय पेडलवर ठेवले. पेडल चपलेएवढं, दोन पाय मावेनात. एक पाय पूर्ण, दुसऱ्याची बोटं. उजव्या हाताने चाक माझ्याकडे ओढलं, टाच, बोटं, टाच, बोटं, सुरू केलं. मशीन घर्र. थांब. घर्र. थांब. उचकी लागल्यासारखं.

नवीन आहे, बुजतंय. नवी नवरी आणि नवं मशीन, चार दिवस द्यावे लागतात. सूनबाईला चौदा वर्षं दिली.

८ मार्च

अजून बुजतंय.

९ मार्च

दोष सापडला. पेडल पळतं! मी पाय मारते, ते पुढे सरकतं. मी खुर्ची पुढे घेते, ते आणखी पुढे. शेवटी ते भिंतीला टेकलं आणि मी टेबलाखाली गळ्यापर्यंत. बसून शिवायचं काम झोपून करत होते. सूनबाई व्हॅन लावून आत आली, तर तिला माझं नुसतं डोकं दिसलं. म्हणाली, आई, काही पडलंय का? म्हटलं, हो, तुझी अक्कल, शोधतेय.

उपाय सुचला आहे. असा उपाय फक्त जुन्या माणसाला सुचतो. उद्या करते.

१० मार्च

उपाय असा. जुन्या मशीनच्या स्टँडची लोखंडी जाळी, जिच्यावर माझे पाय जन्मभर हलले, तिच्यावर हे नवीन पेडल सुतळीने घट्ट बांधायचं. म्हणजे पाय ओळखीच्या जागी आणि पेडल हाताशी. जुना स्टँड नव्या टेबलाखाली अर्धा सरकवला, बांधलं, बसले. पाय मारले तर जाळी हलते, जाळीबरोबर पेडलही हलतं, पण दाबलं काही जात नाही. दोघं एकमेकांच्या मांडीवर बसून झोके घेतायत.

जोर केला. एकदम दाबलं गेलं.

मशीन सुटलं ते थांबेचना. मी चाक धरायला उजवा हात घातला, चाकाने हातच झिडकारला. डावा हात कापडावर होता. सुई कापडावरून, कापडाखालून, कडेवरून, माझ्या बाहीवरून सरळ गेली. पुढे सुतळी तुटली म्हणून थांबली, नाहीतर खांद्यापर्यंत आली असती.

बाही पडद्याला शिवली गेली. बाहीत माझा हात. कात्री समोरच्या फळीवर, पोचत नव्हती. टाके इतके बारीक की ओढूनही निघेनात. बारीक टाके पडतात हे मान्य करते, मशीन चांगलं आहे.

खिडकीत बसून राहिले. रस्त्यावरून ओळखीचे लोक जात होते. डावा हात पडद्यात, म्हणून उजव्या हाताने नमस्कार केले. एकाने विचारलं, मावशी, काम जोरात? म्हटलं, हाताला फुरसत नाही.

सूनबाई मुलं सोडून परतली तेव्हा तिने उसवून सोडवलं. हसली नाही. ओठ आत ओढून धरले होते, ते मला दिसलं. त्यापेक्षा हसली असती तर बरं.

११ मार्च

सुतळी काढली. पडदा एक वाया. बाही एक वाया.

१२ मार्च

मशीन सदोष आहे. सूनबाईच्या व्हॅनमधून दुकानात नेलं. चांगलं झाडलं दुकानदाराला. म्हटलं, उचक्या लागतात, मध्येच उधळतं, चाक धरू देत नाही. त्याने खुर्ची ओढली, पाय ठेवला, चिंधीवर हात लावला, आणि सर्र करून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणल्यासारखी शिवण काढून दाखवली. मग माझ्याकडे बघितलं.

म्हटलं, दुकानात चालतं, घरी चालत नाही. काही माणसं असतात तशी. माझे मिस्टर होते.

म्हणाला, बाई, तुमच्या पायाला जुन्याची सवय आहे, एवढंच. पाय एकदा दाबून तसाच ठेवायचा. म्हटलं, सवय म्हणजे रोग नव्हे, अनुभव आहे. पैसे परत मागितले असते, पण बाहीची हकीगत सांगावी लागली असती.

१३ मार्च

आमच्या घरच्या विजेत दोष असणार. वायरमन आला. प्लगमध्ये टेस्टर घातला, दिवा लागला. म्हणाला, वीज उत्तम आहे. म्हटलं, मोजून सांग, कमी-जास्त होत असेल. मोजली. म्हणाला, सगळ्या खोल्यांत सारखी. ह्या घरात सगळ्यांना सारखी मिळणारी ही एकच वस्तू.

१५ मार्च

मेकॅनिकला चहा दिला. दोन बिस्किटंही. मग हळूच विचारलं, याची मोटार काढून टाकता येईल का? हे डोकं नवीन, खाली स्टँड जुना, पट्टा जोडायचा, म्हणजे सुई नवी आणि पाय माझे. तो म्हणाला, मावशी, विजेचं मशीन घेऊन त्याची वीज काढायची? म्हटलं, मग? लोक म्हैस घेऊन तिला पेंड घालतात, गवत का घालू नये? त्याला दृष्टांत कळला नाही. खरं सांगायचं तर मलाही नंतर कळला नाही.

तरी पट्टा चढवून बघितला. चाक प्लास्टिकचं, गुळगुळीत, त्याला पट्टा बसायची खाचच नाही. मी पाय हलवले, पट्टा सरसर फिरला, चाक ढिम्म. बाहेरून अगदी माझ्या मशीनसारखं केलंय, आतून काहीच नाही. नुसता मेकअप.

जाताना मेकॅनिक म्हणाला, मावशी, पाय नुसता ठेवा. हलवू नका. तुम्ही हाकताय, हिला हाकायचं नसतं.

सगळ्यांना माझ्या पायांबद्दल मत आहे.

१६ मार्च

ठीक आहे. उद्यापासून पाय न हलवता शिवायचं. पक्कं. मन घट्ट केलं की पाय घट्ट होतो.

१७ मार्च

होत नाही. डोकं सांगतं थांब, पाय म्हणतात तू गप्प बस, आम्ही तुझ्या आधीपासून शिवतोय. पाच मिनिटं स्थिर राहिले, मग कापडाची कड पुढे आली आणि टाच आपोआप उठली. घर्र. थांब.

१८ मार्च

बुद्धीचं काम पायाला सांगू नये. पाय स्थिर हवा ना? जगात सगळ्यात स्थिर काय? वीट.

अंगणातली वीट धुऊन पुसून पेडलवर ठेवली. मशीन जे सुसाट सुटलं! मी दोन्ही हातांनी कापड सांभाळते आहे, कापड पुढे पळतंय, मी खुर्चीसकट त्याच्या मागे. कड संपली, पुढे उरलेला गठ्ठा आत जायला लागला, त्याच्यापाठोपाठ टेबलावरची मोजपट्टी गेली. शेवटी पायाने वीट लाथाडली.

मोजपट्टी पडद्यात छान शिवली गेली आहे. आकडे बाहेरून दिसतात.

अंगठा सुजला. वीट फुटली नाही.

१९ मार्च

मॅनेजरणीचा फोन. कुठपर्यंत आलं, काकू? म्हटलं, निम्मं झालं. खोटं नाही. एका पडद्याचं निम्मं झालंय.

चिरंजीव बाजूला उभे होते. फोन ठेवल्यावर दाराबाहेर जाऊन बोर्डाचे स्क्रू बघून आले. म्हणाला, गंजलेत, काढताना जरा तेल लागेल. ह्याला मी नऊ महिने पोटात ठेवला.

बोर्ड उतरला तर मी कोण? सकाळी उठायचं आणि काय करायचं? जेवण झालं का विचारायचं, पंखा बंद करा म्हणायचं, आणि औषध घ्यायचं. तसली म्हातारी मला व्हायचं नाही. एवढंच लिहिते.

२० मार्च

एक शोध लागला. शोध माझाच आहे, हे इथे नोंदवून ठेवते.

सूनबाई दुपारी घरी असते, शाळा सुटेपर्यंत. आज व्हॅन मागे घेत होती ते मी खिडकीतून बघितलं. भिंतीपासून बोटभर अंतरावर आणून थांबवली. व्हॅनचं दार उघडं होतं, आत तिचा पाय नुसता ठेवलेला दिसला. हलत नव्हता. म्हटलं, अरे! पाय घरातच आहे.

तिला बोलावलं. म्हटलं, शेजारी खुर्ची घे, पेडलवर तुझा पाय ठेव, मी सांगेन तसं दाब. कापड मी धरते. ती म्हणाली, म्हणजे स्टिअरिंग तुमचं आणि अॅक्सिलरेटर माझा? म्हटलं, हो, आणि मालक मी.

दोघी खांद्याला खांदा लावून बसलो. मी म्हटलं, हळू. मशीन हळू चाललं. म्हटलं, जरा जोर. जरा जोर आला. म्हटलं, थांब. थांबलं! जागच्या जागी!

एक पडदा पूर्ण. सरळ. जन्मात इतकं सरळ शिवलं नव्हतं, पण ते इथेच राहू दे.

२२ मार्च

पद्धत बसली. दुपारी दोघी बसतो. बोलाचाली होते, पण काम होतं. मी म्हटलं, अगं वळण आलं, हळू घे. म्हणाली, आई, मला दिसतंय. म्हटलं, तुला काय दिसतंय, कापड माझ्यापुढे आहे. म्हणाली, मागून हॉर्न मारू नका. कोपरा आला की ती स्वतःच पाय काढते. मी सांगायच्या आधी. हे मला आवडलेलं नाही.

मध्येच म्हणाली, आई, हे म्हणजे हायवेच आहे की, लेन सोडायची नाही बस. म्हटलं, माझी आख्खी कला तू एका वाक्यात हायवेवर नेऊन सोडलीस.

माझे पाय मात्र टेबलाखाली रिकामे हलत असतात. सूनबाईला दोनदा लाथ बसली. तिने खुर्ची लांब सरकवली.

२५ मार्च

दाढ ठणकते आहे. दातांच्या डॉक्टरकडे उद्या.

२६ मार्च

दाढ काढली. तोंडात कापसाचा बोळा, दोन तास बोलायचं नाही म्हणाला डॉक्टर. घरी आले तर खिडकीतून सर्रर्र असा सलग आवाज. मला वाटलं, चिरंजीवांनी काहीतरी बिघडवलं.

सूनबाई एकटी बसली होती. पाय तिचा, हातही तिचेच. दोन पडदे घडी करून ठेवलेले, तिसरा मशीनवर, चौथा टाचणी लावून तयार. मला बघून म्हणाली, आई, वेळ होता म्हणून बसले. तुम्ही पडा जरा.

मला खूप बोलायचं होतं. मशीनला हात लावताना विचारायची पद्धत असते. दोरा कुठला घेतलास? कोपरा दुहेरी मुडपलास का? पण तोंडात बोळा. मी नुसतं ऊं ऊं केलं. ती म्हणाली, हो हो, दुहेरीच मुडपलाय.

ह्या घरात मला पहिल्यांदाच कोणी अर्ध्या शब्दात समजून घेतलं आणि ते मला नको होतं.

२७ मार्च

तिचे पडदे पट्टी लावून तपासले. शिवण सरळ आहे. टाके एकसारखे आहेत. कोपरे बसले आहेत. पण नुसतं सरळ असून काय उपयोग? सरळ तर ड्रेनेजचा पाइपही असतो. शिवणीत माणूस दिसला पाहिजे. माझ्या शिवणीत दिसतो.

सूनबाईला सांगितलं, चांगले आहेत, पण घाई दिसते. म्हणाली, बरं. चार शब्द परत आले असते तर बरं वाटलं असतं.

उद्यापासून मी एकटीने पेडलचा सराव करायचा. रोज सकाळी, ती व्हॅनवर असताना.

२८ मार्च

सराव केला नाही. दाढेची जागा दुखते.

२९ मार्च

अंगठा.

३० मार्च

सगळे पडदे तयार! एक दिवस आधी! मॅनेजरीण स्वतः आली. पडदे एकेक उलगडून उजेडासमोर धरले. मोजपट्टीवाला मी आधीच पलंगाखाली ढकलला होता. तिने एक पडदा हातात घेतला, कडेवरून बोट फिरवलं, आणि म्हणाली, वा. हे फिनिशिंग. मग दुसरा घेतला, तो बाजूला ठेवला, परत पहिला घेतला. म्हणाली, हा हात वेगळा आहे ना?

मी बघितलं. दाढेच्या दिवशीचा होता.

म्हटलं, हात माझ्या घरातलाच. म्हणाली, कोणाचा? सूनबाई तेवढ्यात पाणी घेऊन आली, तिच्या बोटाला चिकटपट्टी होती, सुई लागलेली. मॅनेजरणीला सांगावं लागलं नाही. तिने हिचा नंबर काचेच्या फोनमध्ये घेतला. मी बटणांचा पुढे केला होता, तो तिने सोफ्यावर ठेवला.

ही हसत होती, ती पण हसत होती. मॅनेजरीण हसते. म्हणजे हसता येतं तिला.

३१ मार्च

मी जिंकले. चिरंजीव रात्री जेवताना म्हणाले, आई, शब्द म्हणजे शब्द. बोर्ड राहील, शिवण चालू राहील, मी आराम म्हणणार नाही. मी म्हटलं, बघितलंस? तू स्क्रू मोजत बसला होतास.

मशीनची निवड बरोबर होती हेही सिद्ध झालं. घरात सगळ्यांना चालवता येतं.

सगळ्यांना म्हणजे, येतं ज्याला त्याला.

५ एप्रिल

शाळेला सुट्टी लागली. व्हॅन दारात उभी. सूनबाई सकाळी चहा घेऊन सरळ खिडकीखाली जाऊन बसली. मी आंघोळ करून आले तोवर माझी खुर्ची तिच्या उंचीला कमी पडते म्हणून खाली उशी टाकून झाली होती. माझी उशी.

गेस्टहाऊसच्या जेवणाच्या टेबलांवरची कापडं आलीत. त्या कडाही चारी बाजूंनी सरळच. ह्या लोकांच्या आयुष्यात वाकडं काही नाहीच का?

मी विचारलं, कापड धरू का? म्हणाली, नको आई, धक्का लागतो.

७ एप्रिल

सकाळी शेजारच्या गल्लीतली एक बाई आली. पँटची लांबी कमी करायची होती. मी पुढे झाले, टेप गळ्यात घातला. ती माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाली, त्या व्हॅनवाल्या ताई आहेत का? त्याच शिवतात ना?

म्हटलं, त्या बिझी आहेत. आणि पँट घेतली. जुन्या मशीनवर घरच्यासारखी शिवली. पायाने. सर्रासर्रा. एकदाही अडखळले नाही. संध्याकाळी बाईने घालून बघितली, एक पाय लांब, एक आखूड. म्हणाली, काकू, घाई नव्हती, ताईंना दिली असती तरी चाललं असतं.

तिला उभं नीट राहता येत नव्हतं.

८ एप्रिल

पुन्हा मॅनेजरीण. फोन माझ्यावर आला, चुकून. म्हणाली, काकू, जरा शिवणाऱ्या ताईंना द्या. मी म्हटलं, बोला, मी शिवणारीच बोलतेय. म्हणाली, हो, पण त्या दुसऱ्या.

दिला. दाराच्या पलीकडे उभी राहून ऐकलं. उशांच्या खोळी, मागे बटणपट्टी, चार भोकांची बटणं, सगळी हाताने लावलेली हवीत. सूनबाई म्हणाली, शिवायचं मी बघते, पण बटणं मला नाही जमत हो, सुईत दोरा ओवताना मला घाम फुटतो. मग म्हणाली, आहे, माझ्याकडे आहे एक बाई. हात फार चांगला आहे. विचारून सांगते.

फोन ठेवून ती आत आली आणि मला म्हणाली, आई, बटणं लावाल का?

मी म्हटलं, बघून सांगते.

मग जरा वेळाने सांगितलं, लावीन.

९ एप्रिल

लावली. खिडकीपाशी उजेड चांगला असतो, पण तिथे मशीन, म्हणून दाराशी स्टूल टाकून बसले. बटण चार भोकांचं, दोरा आधी आडवा मग उभा, खाली दोनदा गुंडाळायचा. एकेक बटण दगडासारखं पक्कं.

सूनबाईने एक ओढून बघितलं. म्हणाली, छान झालंय आई. फक्त हे वरचं एक केसभर डावीकडे गेलंय, काढून परत लावाल?

म्हटलं, केसभर डावीकडे कोणाला दिसतंय, गेस्ट तर डोळे मिटून झोपणार. म्हणाली, त्या बाई बघतात ना आई, तुम्हाला माहितेय.

माहितेय.

काढलं. परत लावलं.

९ एप्रिल, संध्याकाळ

चिरंजीव घरी आले, दोघींना कामात बघितलं आणि खूश झाले. म्हणाला, काय आई, धंदा जोरात! म्हटलं, हो. तू कशाला दारात उभा आहेस, उजेड अडतो.

मग सूनबाई मशीनवर कपडा टाकता टाकता म्हणाली, आई, उद्या उरलेल्या खोळी पहाटे तयार होतील, सकाळी साडेसातला बसाल का? उशीर नको हं.

हो म्हटलं.

आता पाठ दुखते आहे. सुट्टी मागून बघावी का तिच्याकडे? पण पहिल्याच आठवड्यात बरं दिसणार नाही.